तुम्ही विचारलंत म्हणून: दुकानातला यूपीआयचा स्कॅनर का काढला?

कॉलेजच्या पोरांपासून आमच्या व्याह्यांपर्यंत सगळ्यांचं हे विचारून झालंय. गर्दीत असलो तर मी "बिघडलाय" म्हणतो. व्याह्यांना "रेंज येत नाही" सांगितलं. परवा एकाने तोंडावरच विचारलं, "काका, टॅक्स वाचवताय ना?" म्हणून आता एकदाच काय ते सांगून टाकतो.

टॅक्सचं आधी. माझं कराडात झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. जीएसटीची नोंदणी नुसता माल विकणाऱ्याला 40 लाखांच्या उलाढालीनंतर लागते, सेवा देणाऱ्याला 20 लाखांनंतर. मी झेरॉक्स काढतो म्हणून 20च धरतो, आणि त्याच्याही बराच आत असतो. इन्कम टॅक्सचं रिटर्न दर वर्षी भरतो. 2025च्या जुलैत बेंगळुरूच्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा तिथे काहींनी स्कॅनर उतरवून 'फक्त रोख'च्या पाट्या लावल्या. माझा त्याच्या कितीतरी आधी उतरला होता. तेव्हा हा संशय सोडा.

आणि मी जुन्या वळणाचा म्हातारा आहे, हेही सोडा. 2016च्या नोटाबंदीनंतर आमच्या ओळीत पहिला क्यूआर कोड माझ्या काचेवर लागला. शेजारच्या किराणावाल्याला मीच व्याख्यान द्यायचो: सुट्ट्यांची कटकट नाही, फाटकी नोट नाही, रात्री गल्ला मोजत बसायला नको. आजही यातलं एक वाक्य मला खोडता येत नाही. त्रास होता, पण सोसण्यासारखा. गिऱ्हाईक हिरवी टिक दाखवून जायचं आणि माझ्याकडे 'पेंडिंग'. ॲप उघडलं की आधी कर्जाची जाहिरात, मग स्क्रॅच कार्ड, मग कुठेतरी तळाशी आपलेच पैसे. एवढ्यासाठी कुणी स्कॅनर काढत नाही.

2023चा जून. शाळा सुरू होण्याच्या तोंडावर वह्यांचा माल उचलला होता. होलसेलवाल्याला पैसे पाठवायला गेलो तर व्यवहार फेल. पुन्हा केला, पुन्हा फेल. सर्व्हर डाऊन असेल म्हणून संध्याकाळपर्यंत थांबलो. दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो, तर काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "खातं डेबिट फ्रीझ आहे. सायबरकडून आलंय."

झालं होतं असं. दूर कुठल्या तरी राज्यात एकाची ऑनलाइन फसवणूक झाली. त्याने तक्रार केली. त्याचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून चौथ्यात असे पळाले होते, आणि पोलीस त्या साखळीतलं एकेक खातं धरत आले. साखळीच्या शेपटाला कुणीतरी माझ्याकडे प्रोजेक्टच्या प्रिंट काढून स्पायरल बाइंडिंग करून घेतलं होतं. 340 रुपये. तेवढ्यासाठी सगळं खातं बंद. त्यात वह्यांचे पैसे, मुलीची फी, आईची औषधं.

बँकेने तक्रारीचा नंबर आणि त्या पोलीस ठाण्याचा ईमेल एका कागदावर काढून दिला. "तिकडून एनओसी आणा, आमच्या हातात काही नाही." ईमेल केले, उत्तर नाही. फोन लागला की साहेब मीटिंगमध्ये. एकदाचे साहेब मिळाले, तर हिंदीत विचारलं की त्या पार्टीला तुम्ही कसे ओळखता? आता काय सांगणार? तो झेरॉक्स काढायला आला होता, एवढीच ओळख. मग म्हणाले, बिल पाठवा. स्पायरल बाइंडिंगचं बिल! शॉप ॲक्टचं लायसन्स, आधार, स्टेटमेंट, दुकानाचा फोटो, सगळं पाठवलं. 340 अडकवून ठेवा आणि बाकीचे सोडा, असं मी दोन्हीकडे विनवलं. त्याच वर्षी केरळच्या उच्च न्यायालयानेही जवळपास हेच सांगितलं, की वादातली रक्कम तेवढी रोखा. दिल्लीत छोले-भटुरे विकणाऱ्या एकाचं खातं 105 रुपयांपायी गोठवलं होतं, तोही उच्च न्यायालयात गेला तेव्हा सुटला. मी नाही गेलो. वकिलाची फी ऐकली आणि घरी आलो.

होलसेलवाल्याला दिलेला चेक परत गेला. तीस वर्षांची ओळख, तो रागावला नाही. नुसतं म्हणाला, "तू असलं कशात पडलास रे?" त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

पण स्कॅनर काढला तो यातल्या कशामुळे नाही. डेबिट फ्रीझ म्हणजे पैसे बाहेर जात नाहीत, आत मात्र येतात. बँकेतून परत येऊन गादीवर बसलो तर साउंडबॉक्स आपला सुरूच. वीस रुपये प्राप्त झाले. बारा रुपये प्राप्त झाले. प्रत्येक पोरगं माझे पैसे माझ्याच देखत त्या कुलपात टाकत होतं आणि डबा ओरडून सांगत होता. वायर उपटली, काचेवरचा कागद नखाने खरवडून काढला. त्याचा अर्धा चिकट डाग अजून आहे.

खातं दिवाळीच्या सुमारास सुटलं. पत्र नाही, फोन नाही.

आता तुमचा पुढचा प्रश्न मला पाठ आहे: यूपीआयला वेगळं खातं काढा की, रोज रिकामं करा. बायकोही हेच म्हणते. अहो, साखळी म्हणजे काय सांगितलं मी? त्या खात्यातून मोठ्या खात्यात पैसे ढकलले, की ते पुढची कडी झालं. नाही ढकलले, तर त्यात ठेवून उपयोग काय?

हे मी तावातावाने बोलतो खरा, पण पेट्रोल फोनवरूनच भरतो. समोरच्याचा स्कॅनर आहे, अर्धी पोरं तिकडे गेलीत. आणि एक सांगायचं राहिलं. गेल्या वर्षी आमच्या मेहुणीला वीजबिलाच्या नावाने फसवलं. मीच तिला लगेच 1930ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरला, फोन करायला लावला, आणि बरेचसे पैसे वाटेतच अडवले गेले. म्हणजे कुणाकुणाची खाती धरली गेलीच असणार. त्यात एखादा झेरॉक्सवाला होता का, हे मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

बायको म्हणते या जूनपासून पुन्हा लावा. बघू. तोवर रोख आणा. हॉल तिकिटाची प्रिंट हवी आणि खिशात पैसे नसतील तर वहीत नाव लिहून जा. पाचशेची नोट काढून दोन रुपयांची झेरॉक्स मागणार असाल, तर मात्र समोर जा.