पेटीवाला आला आणि माझी गिटार दबली

आमचा बँड तिघांचा: गिटार, बास, ड्रम्स. रश या कॅनडाच्या तिघांच्याच रॉक बँडची गाणी वाजवायची हौस, पण त्यांच्या 1981च्या 'मूव्हिंग पिक्चर्स' अल्बमपाशी आलो की गाडी अडायची. त्यातल्या 'टॉम सॉयर' गाण्याच्या सुरुवातीचा ओबरहाइम सिंथचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा, तो गुरगुराट गिटारवर निघत नाही. पेडल विकत घेऊन, पैसे घालवून बघितलंय. रशचा गेडी ली गाता गाता बास वाजवायचा, पायाने टॉरस पेडल दाबून खालचे सूर काढायचा, शिवाय कीबोर्डही सांभाळायचा. आमच्या बासिस्टला नुसतं गाऊन वाजवताना घाम फुटतो.

शेवटी कीबोर्डवर त्याच्याच मावसभावाला बोलावलं. तो इथे पुण्यात एका भजनी मंडळात पेटी वाजवतो, रॉकशी संबंध शून्य. मधला सात मात्रांचा तुकडा ऐकवला तर मांडीवर टाळी धरून म्हणाला, "अरे, हे रूपकासारखंच आहे की!" आणि दुसऱ्या आवर्तनाला समेवर हजर. आम्ही महिनाभर बोटं मोजत होतो! फक्त रूपकात सम, म्हणजे पहिली मात्राच, खाली म्हणजे बिनजोराची असते, त्यामुळे तो तिथे हलका उतरायचा आणि आमचा ड्रमर नेमका तिथेच धाडकन किक हाणायचा. त्यावरून दोन रविवार गेले.

खरा वैताग वेगळाच होता. चौघं मिळून वाजवलं की सगळा चिखल. अँप तपासला, केबल बदलल्या, जॅमरूमवाल्याशी वाद घातला. मग एकदा मी वाजवणं थांबवून त्याचे हात बघत बसलो. डावा हात खर्जात, थेट बासच्या अंगावर. उजव्या हाताचे लांबलचक सूर माझ्या गिटारवर. 1982च्या 'सिग्नल्स' अल्बममध्ये कीबोर्डखाली गिटार दबली म्हणून रशचा गिटारिस्ट ॲलेक्स लाइफसन नाराज होता, हे वाचून मला तेव्हा नखरे वाटले होते.

"डाव्या हाताने कशाला वाजवतोस?" विचारलं.

"पेटीवर तो भात्याला असतो. इथे रिकामा राहिला, म्हटलं वाजवू."

मग त्याचा डावा हात आवाजाच्या स्लायडरवर ठेवला. हा तुझा भाता. दहा मिनिटांत सूर फुगायला, ओसरायला लागले. खाली बास मोकळा झाला. कडव्यात मीही जाड कॉर्ड सोडून दोन तारांवर आलो. खुशीने नाही, पण आलो.

आता एवढंच की तो उभ्याने वाजवत नाही. चपला काढून मांडी घालून बसतो, आणि दर वेळी आम्ही स्टँड बाजूला करून कीबोर्ड खाली सतरंजीवर ठेवतो.