तुम्ही विचारलंत म्हणून: निकॉन सोडून कॅनन घेऊ का?

"डीएसएलआर जुना झाला, आता ब्रँड बदलू का?" ताडोबाच्या आसपासच्या गावांतले हौशी फोटोग्राफर हे हमखास विचारतात. बॉडीचा, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचा, विचार नंतर करा, आधी बॅगेतल्या लेन्सवरची अक्षरं वाचा. निर्णय तिथेच होतो.

निकॉनच्या मिररलेसवर, म्हणजे डीएसएलआरसारखा आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर, डीएसएलआरच्या जुन्या लेन्स एफटीझेड अडॅप्टरने (मधल्या जोडरिंगने) लागतात. एएफ-एस आणि एएफ-पी लेन्सचा ऑटोफोकस त्यावर चालतो. एएफ-डी लेन्सचा मात्र चालत नाही, कारण तिच्यात मोटर नसते. बॉडीतली मोटर एका स्क्रूने तिला फिरवते आणि तो स्क्रू अडॅप्टरमध्ये नाही. म्हणजे 50 एमएम एफ/1.8 डी हाताने फोकस करावी लागेल. कॅननने 1987 मध्ये ईएफ माउंट (लेन्स बसण्याची जोडणी) आणला तेव्हापासून मोटर लेन्समध्येच दिली, त्यामुळे ईएफ लेन्स अडॅप्टर लावून मिररलेस आर मालिकेच्या बॉडीवर ऑटोफोकससह चालतात. आपल्याच ब्रँडच्या मिररलेसवर जाणं बहुतेकांना स्वस्त पडतं ते यामुळे.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त रिंगांपासून जपा. निकॉन डीएसएलआरमध्ये माउंटपासून सेन्सर 46.5 मिमीवर असतो, कॅननमध्ये 44 मिमीवर. म्हणून निकॉनची लेन्स साध्या रिंगने कॅनन डीएसएलआरवर बसते, पण कॅननची लेन्स निकॉनवर लावली की लांबचा फोकस मिळत नाही. तो मिळावा म्हणून काही रिंगांत काच घालतात आणि तीच फोटोची धार घालवते.

धुऱ्यावरची टिटवी, तारेवरचा नीलपंख टिपणाऱ्यांनी ब्रँड बदलताना एकदम फुल फ्रेमवर (35 मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या बॉडीवर) जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. निकॉनच्या क्रॉप (त्याहून लहान सेन्सरच्या) बॉडीवर 300 एमएम 450 सारखी दिसते, कॅननच्या क्रॉपवर 480. फुल फ्रेमवर ती 300 च राहते आणि पक्षी फ्रेममध्ये लहान होतो. मग मोठी लेन्स घ्यावी लागते, आणि खरा खर्च तोच.

फ्लॅशही धरा. एका ब्रँडचा टीटीएल (लेन्समधून आलेला उजेड मोजून फ्लॅशचा जोर आपोआप ठरवणं) दुसऱ्यावर चालत नाही, फार तर मॅन्युअलवर उडतो. निकॉन आणि कॅननची लेन्स लावायची दिशा एकमेकांच्या उलट आहे, झूमची रिंगही. ती सवय लागेपर्यंत सफारीला नवा कॅमेरा एकटा नेऊ नका.

मिररलेसमध्ये सेन्सरपुढे आरसा नसतो आणि आपल्याकडे उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यांवर धूळ फार. लेन्स बदलताना कॅमेरा बंद करा, तोंड खाली धरा, जिप्सी थांबवूनच बदला. धूळ गेलीच तर रबरी ब्लोअर वापरा. तोंडाने फुंकाल तर थुंकीचे कण बसतात.

तुमच्याकडे फक्त किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत आलेली) असेल तर मात्र ब्रँड बदलायला काहीच हरकत नाही. तेव्हा तालुक्यातले लग्नाचं शूटिंग करणारे काय वापरतात ते पाहा. अडीनडीला चार्जर किंवा लेन्स त्यांच्याकडूनच मिळणार, प्रत्येक वेळी नागपूर गाठणं परवडत नाही.

जुनी लेन्स विकताना दोन्ही टोप्या काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा मारून आत पाहा. पावसाळ्यात बॅगेतच राहिलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते. दिसली तर घेणाऱ्याला आधीच सांगा आणि किंमत तशी लावा.