पुरुष तपासणीला येत नाहीत, म्हणून आम्ही जातो

‘दवाखाने आहेत की! मग तुम्ही मैदानावर, कामाच्या जागी टेबल मांडून का बसता? ज्याला गरज असेल तो येईलच.’ लैंगिक संसर्गाच्या तपासणीचं काम करतो असं सांगितलं की हा प्रश्न ठरलेला. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तो येत नाही, कारण आपल्याला काही झालंय हेच त्याला माहीत नसतं. क्लॅमिडिया या लैंगिक आजाराची लागण झालेल्या कितीतरी पुरुषांना ना जळजळ होते, ना स्राव येतो. सिफिलिसची सुरुवातीची जखम बहुधा दुखत नाही आणि औषध न घेताही 3 ते 6 आठवड्यांत भरून येते. माणूस म्हणतो, गेलं एकदाचं. जंतू मात्र शरीरातच मुक्काम ठोकून असतात. दुखणं अंगावर काढायची पुरुषांना सवय असतेच. इथे तर अंगावर काढायला दुखणंही नसतं.

आणि शंका आलीच, तरी दाराशी पाय अडखळतात. एका केंद्रात खिडकीतून मोठ्याने विचारलेलं मी ऐकलंय, ‘काय त्रास होतोय?’ रांगेतला तरुण क्षणभर तसाच उभा राहिला, ‘चुकून आलो’ म्हणाला आणि निघून गेला. तो पुन्हा कुठे गेला असेल का, हे अजून मनात येतं. मराठीत या आजारांना ‘गुप्तरोग’ म्हणतात, म्हणजे लपवायची सूचना नावातच! मी तो शब्द वापरणं सोडून दिलंय.

आमच्याकडे बीपी, शुगर आणि ही तपासणी एकाच पडद्यामागे होते. आत प्रत्येकाला साधारण सारखाच वेळ लागेल असं आम्ही बघतो, त्यामुळे कोणी काय तपासून घेतलं ते बाहेरच्यांना कळत नाही. लंडनमधल्या काही फुटबॉल क्लबांत क्लॅमिडियाची तपासणी करून पाहिली होती. कुठे संघाच्या कॅप्टनने आवाहन केलं, कुठे आरोग्य सल्लागाराने, कुठे नुसतं पोस्टर लावलं. तिन्हीकडे निम्म्या किंवा त्याहून जास्त खेळाडूंनी लघवीचा नमुना दिला. सांगणारा कोण यापेक्षा नमुन्याची डबी हाताशी आहे की नाही, हे महत्त्वाचं, असं मला त्यातून वाटतं.

डबीचंच सांगतो. पँट उतरवावी लागेल, आत काडी घालतील, अशी धास्ती घेऊन पुरुष येतात. क्लॅमिडिया आणि गनोरिया (परमा) यांच्यासाठी बहुतेक वेळा लघवी पुरते. मी झाकणाची छोटी डबी आणि आरपार न दिसणारी पिशवी हातात देतो. तासभर लघवी केलेली नसावी, पहिली धार धरायची, मधली नको, आणि डबी काठोकाठ भरायची नाही. ‘एवढंच?’ असं म्हणताना त्यांचे आवळलेले खांदे सैल होतात. एचआयव्ही आणि सिफिलिसच्या झटपट चाचणीला बोटातून रक्ताचा थेंब लागतो. लघवीत घशातला किंवा गुदद्वारातला संसर्ग दिसत नाही, म्हणून संबंध कसे आले हे विचारावं लागतं. ते मी सगळ्यांना एकाच सुरात विचारतो. कालच संबंध आला असेल तर आजच्या निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबून चालत नाही, हेही सांगतो. एचआयव्हीच्या झटपट चाचणीत लागण दिसायला 90 दिवसांपर्यंत लागू शकतात.

डब्या गोळा केल्या की काम झालं, असं मानणाऱ्या शिबिरांचा मला मनापासून राग येतो. रिपोर्ट त्याच्या एकट्याच्या हाती पडला पाहिजे, औषध लगेच सुरू झालं पाहिजे आणि जोडीदाराचीही तपासणी झाली पाहिजे. क्लॅमिडियावर साध्या अँटिबायोटिकच्या गोळ्या पुरतात. त्या घेतल्याच नाहीत तर स्त्रीच्या गर्भनलिकांना इजा होऊन मूल होण्यात अडचण येऊ शकते, तीही तिला काही कळायच्या आत.

पॉझिटिव्ह आलेला माणूस आधी औषधाचं विचारत नाही. तो विचारतो, ‘घरी कसं सांगू?’ याला दोन वाक्यांत उत्तर नसतं. म्हणून टेबलापासून लांब, गर्दीकडे पाठ करून, आम्ही दोन खुर्च्या मांडून ठेवतो.