गिटारच्या रोझेटमध्ये शिंपला बसवताना

पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये मी रोझेटची, म्हणजे गिटारच्या गोल भोकाभोवतीच्या नक्षीच्या कड्याची, खाच पाडत नाही. डीह्युमिडिफायर लावून खोलीतली आर्द्रता आठवडाभर 45 ते 50 टक्क्यांवर राहिली, तरच टॉपला, म्हणजे गिटारच्या पुढच्या फळीला, हात लावतो. टॉप स्प्रूस या मऊ लाकडाचा असतो, आणि पावसाळी हवेत फुगलेलं स्प्रूस मार्च-एप्रिलमध्ये रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं. 120 मिमीच्या वर्तुळात हा फरक सहज अर्ध्या मिलिमीटरच्या वर जातो. शिंपला मात्र तसूभर हलत नाही. मग कडेला बारीक फट दिसते, नाहीतर एखादा तुकडा वर उचलला जातो.

टॉप या टप्प्यावर 3.2 मिमी जाड ठेवतो. मापं अशी: साउंडहोलची (मधल्या गोल भोकाची) त्रिज्या 50 मिमी, शिंपल्याच्या कड्याची मध्यत्रिज्या 58. मधला शिंपला 1.6 मिमीच्या जागेत, दोन्ही बाजूंना काळी-पांढरी-काळी अशी 1.5 मिमीची पर्फलिंग (कडेची बारीक शोभेची पट्टी). म्हणजे खाच 4.6 मिमी रुंद, 55.7 पासून 60.3 त्रिज्येपर्यंत, खोली 1.2. शिंपला 1.3 मिमी जाड असतो, त्यामुळे तो केसभर वर राहतो. तो तसाच राहायला हवा, कारण खाली गेलेला शिंपला वर आणता येत नाही. साउंडहोल सगळ्यात शेवटी कापायचं. आधी कापलं तर कंपासची पिन टेकवायला मध्यबिंदूच उरत नाही.

खाच पाडण्याआधी दोन्ही कडा कंपासच्या पात्याने कापून घेतो आणि त्या भागावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे दोन हात देतो. नंतर ड्रेमेलला (हातात धरायच्या छोट्या फिरत्या यंत्राला) सर्कल कटर आणि 3.2 मिमीचं खाली रेटणारं स्पायरल बिट. वर्तुळाच्या चारपैकी दोन चतुर्थांशांत बिट रेषांच्या उलट जातं आणि तिथेच कडेचे तंतू उपटतात. आधी मारलेला पात्याचा काप ते थांबवतो. पहिली खाच नेहमी टाकाऊ स्प्रूसवर पाडायची. व्हर्निअरने तिथे 4.7 भरलं तर टॉपवरही 4.7च भरणार.

शिंपल्याची जागा राखायला टेफ्लॉन वापरतो. 1.6 मिमी जाड शीटची 3 मिमी रुंद पट्टी उभी बसवायची, दोन्ही बाजूंना पर्फलिंग. पर्फलिंग कोरडी असताना बोटाने सहज बसली पाहिजे. ठोकून बसवावी लागली तर पांढऱ्या ग्लूच्या पाण्याने ती फुगते आणि अर्ध्यातच अडकते. वर मेणकागद आणि प्लायचा तुकडा ठेवून रात्रभर क्लॅम्प. सकाळी टेफ्लॉन पक्कडीने ओढला की सरळ निघून येतो, कारण ग्लू त्याला धरतच नाही. मागे 1.6 मिमीची स्वच्छ नाळ उरते.

पावा या हिरव्या-निळ्या झळाळीच्या शिंपल्याच्या 1.5 मिमी रुंदीच्या सरळ पट्ट्या मी सोनाराच्या बारीक आरीने कापतो, व्ही-खाचेच्या फळीवर, थेंब थेंब पाणी टाकत. पाणी आणि एन-95 मास्क दोन्ही हवेत, शिंपल्याची धूळ फुफ्फुसांना चांगली नाही. पट्ट्या पुढे 7 मिमीच्या तुकड्यांत मोडायच्या. गणित सोपं आहे: 58 त्रिज्येवर 7 मिमीच्या सरळ तुकड्याचा मध्य चापापासून 0.1 मिमी सरकतो आणि आपल्याकडे मोकळी जागाही तेवढीच. 15 मिमीचा तुकडा घेतला तर अर्धा मिमी सरकतो, तो जाणारच नाही.

तुकडे कापायचे नाहीत, मोडायचेच. मोडलेली ओबडधोबड कड शेजारच्या तुकड्यात परत अचूक बसते आणि सांधा दिसत नाही. त्यासाठी मोडल्याबरोबर त्याच क्रमाने मास्किंग टेपवर चिकटवत जायचं, सगळ्यांची एकच बाजू वर ठेवून. एक तुकडा उलटा गेला की भर हिरव्या-निळ्या झळाळीत तेवढाच करडा दिसतो. फिंगरबोर्डखाली जवळपास 58 मिमीचा चाप झाकला जातो, त्यामुळे सुरुवात आणि शेवट तिथे. दिसणाऱ्या भागाला 44 तुकडे लागतात, मी 50 मोडून ठेवतो.

तुकडे कोरडेच बसवून वरून पातळ सुपरग्लू सोडतो, फटींतून तो आपोआप आत ओढला जातो. लाखेचे दोन हात इथे कामाला येतात. ते नसले तर ग्लू स्प्रूसमध्ये मुरतो आणि पिवळट डाग पडतो, तो कितीही घासला तरी जात नाही. हवा दमट असेल तर ग्लूभोवती पांढरी भुकटीही बसते.

सपाटीकरणाला घाई नको. शिंपला कडक, स्प्रूस मऊ. बोटाखाली पॉलिशपेपर धरून घासलं की कड्याच्या बाजूला खड्डा पडतो, नंतर फिनिशखाली तो लाटेसारखा दिसतो. म्हणून कडक लाकडी ठोकळ्यावर 120, मग 180. त्याआधी पर्फलिंग स्क्रेपरने उतरवून घ्यायची, कारण काळ्या पट्टीची भुकटी घासली तर शेजारच्या रेषांत काळोखी भरते.

साउंडहोल कापल्यावर टॉप मागच्या बाजूने 2.8 मिमीपर्यंत उतरवतो. खाचेखाली 1.6 मिमी लाकूड उरतं, त्याला साउंडहोलभोवती आतून स्प्रूसचा 1.5 मिमीचा पॅच देतो, रेषा टॉपच्या आडव्या ठेवून.