एक ओएच, तीन डिप
जुलैतला बुधवार. हार्बर दुपारीच बंद पडली होती, म्हणून लॅबमध्ये रात्रीला मी आणि माझा पीएचडीचा विद्यार्थी, दोघंच उरलो. लॅबभर गुलाबपाण्याचा वास. आमचा रेणूच तसा आहे, फिनाइलइथेनॉल. गुलाबपाण्याच्या वासात मोठा वाटा त्याचाच.

बेंझिनचं कडं, त्याला दोन कार्बनची शेपटी आणि शेपटीच्या टोकाला एकच ओएच, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. शेपटी वळते, ओएच फिरतो, आणि गणित करून पाहिलं तर पाच वेगळे आकार निघतात. त्यांना आम्ही कॉन्फॉर्मर म्हणतो. साध्या तापमानाला ते सारखे एकमेकांत बदलत असतात, म्हणून हेलियममध्ये मिसळून बारीक भोकातून निर्वातात सोडायचे. पसरताना वायू काही केल्विनपर्यंत गार होतो आणि रेणू आपापल्या आकारात थिजतात. मग २६६ नॅनोमीटरच्या आसपास अतिनील लेसरची तरंगलांबी थोडीथोडी सरकवायची, म्हणजे स्कॅन करायचं. प्रत्येक आकार आपापल्या तरंगलांबीला प्रकाश घेतो, आयन होतो आणि टॉफमध्ये, म्हणजे आयनचं वजन मोजणाऱ्या यंत्रात, १२२ या वजनाला दिसतो. स्कॅनमध्ये त्या जागी एक रेषा उमटते.

आमच्या जेटमध्ये, म्हणजे त्या गार झोतात, दोनच आकार ठळक दिसायचे. जूनअखेर तिसरी रेषा उगवली. होल बर्निंग केलं. म्हणजे पहिला लेसर एका रेषेवर स्थिर ठेवून तो आकार आधीच रिकामा करायचा आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या लेसरने स्कॅन करायचं. त्या आकाराच्या सगळ्या रेषा खचतात, बाकीच्या तशाच राहतात. दोन्ही जुन्या आकारांवर करून पाहिलं, नवी रेषा दोन्ही वेळा तशीच राहिली. म्हणजे ती वेगळ्याच कुणाची होती. तेवढ्यावर ग्रुप मीटिंगमध्ये मी ‘तिसरा कॉन्फॉर्मर’ म्हणून मोकळी झाले. पोराने घरी फोन करून आईला सांगितलं.

त्या रात्री इन्फ्रारेड लेसरची पाळी होती. हा भाग बाहेरच्यांना सांगूनही पटत नाही: पावसाळ्यात मुंबईची हवाच आमचा तीन मायक्रॉनचा प्रकाश पिऊन टाकते. बाष्प नेमकं तिथेच शोषतं, आणि हवेची रेषा रेणूची समजून फसलेले लोक मी पाहिलेत. म्हणून लेसरपासून निर्वात पेटीच्या खिडकीपर्यंतचा सगळा मार्ग अॅक्रिलिकच्या पेट्यांत बंद करून आम्ही त्यात कोरडा नायट्रोजन सोडतो. पेट्यांचे सांधे मी स्वतः टेपने बंद केलेत. त्या कामाचा मला अभिमान आहे.

अतिनील लेसर नव्या रेषेवर ठेवला आणि त्याच्या आधी इन्फ्रारेड सोडला. इन्फ्रारेड शोषला गेला की आयनच्या सिग्नलमध्ये डिप, म्हणजे खड्डा, पडतो. रेणूत ओएच एकच, म्हणजे त्या पट्ट्यात डिपही एकच यायला हवा. रात्री दोनच्या सुमारास पहिला डिप आला. मग दुसरा. मग ३७०० वेव्हनंबरच्याही वर (एका सेंटीमीटरमध्ये किती लहरी, ते हे माप), अगदी अरुंद, तिसरा. असा वरचा डिप आमच्या रेणूचा एकटा ओएच देऊच शकत नाही.

पोरगा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “मॅडम, पाणी.”

रेणूचा एक ओएच आणि पाण्याचे दोन. पाण्याचा एक रेणू हायड्रोजन बंधाने चिकटला होता. आयन होताना तो गळून पडायचा, म्हणून नोंद १४० ला (१२२ अधिक पाण्याचे १८) न होता १२२ ला व्हायची. १४० ची खिडकी आम्ही एकदा उघडून पाहिली होती. नुसता नॉइज दिसला म्हणून बंद केली. होल बर्निंगही खोटं बोललं नव्हतं. ‘वेगळा’ एवढंच ते सांगतं, ‘वेगळा कॉन्फॉर्मर’ हे मी जोडलं होतं.

खात्रीसाठी हेलियमच्या लाइनमध्ये यू आकाराची नळी बसवून लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवली, म्हणजे पाणी तिथेच गोठून अडकेल. रेषा नाहीशी झाली. नळी बाहेर काढली, तशी ती हळूहळू परत आली.

पाणी शिरत होतं रेग्युलेटरपासून व्हॉल्व्हपर्यंतच्या दीड मीटर नायलॉनच्या नळीतून. नायलॉनमधून ओल झिरपते. मागणीत आम्ही स्टील लिहिलं होतं, पण कमी दराच्या टेंडरमध्ये नायलॉन आलं, आणि कागदावर ‘नळी बसवली’ एवढंच नोंदलं गेलं. खरेदी बघणाऱ्यांना दोन्ही नळ्या सारख्याच.

पण माझ्या डोक्यातून जात नाही ती लॉगबुकातली २७ जूनची नोंद. पोराच्या अक्षरात: “पाऊस जोरात. नवी रेषा मोठी. का?” त्याने मला तोंडीही विचारलं होतं. “आधी स्कॅन पूर्ण कर,” एवढंच मी म्हणाले. त्या पानाखाली माझी सही आहे. पान न वाचता केलेली नाही ती. वाचून केलेली आहे.

ग्रुप मीटिंगमध्ये ते पान मी प्रोजेक्टरवर लावलं आणि त्यालाच बोलायला सांगितलं. स्टीलची नळी आता आली आहे. आता पाणी आम्हीच घालतो, मोजून. पाणी चिकटल्यावर शेपटी तशीच राहते की वळते, हा पुढचा प्रश्नही त्याचाच आहे. सोमवारपासून तो स्कॅन घेतोय. खोलीतल्या आर्द्रतेचा रकाना त्याने न सांगता वाढवलाय.