लग्नाची फुले निवडताना आधी घड्याळ पाहावे

लग्नासाठी फुले निवडायची म्हटले, की बोलणे रंगापासून सुरू होते. पोशाखाला कोणती छटा शोभेल, मंचामागे पांढरी फुले लावावीत की गुलाबी, यावर तासन्‌तास खल होतो. पण ते फूल पाण्याबाहेर किती वेळ तग धरेल, हे मात्र बहुधा कोणी विचारत नाही. माझ्या मते निवडीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

मावसबहिणीच्या लग्नात मला हे कळले. तिच्या पुष्पगुच्छात निळसर हायड्रेंजियाचे तीन मोठे झुबके होते आणि सकाळी ते इतके टवटवीत होते, की येणारा प्रत्येक जण त्यांच्याकडे पाहत राही. दोन तासांत कडेच्या पाकळ्या मऊ पडून आत वळल्या आणि छायाचित्रांची वेळ येईपर्यंत तिन्ही झुबक्यांनी माना टाकल्या. दोष फुलांचा नव्हता. त्या पसरट झुबक्यांतून पाणी फार वेगाने उडून जाते आणि देठ पाण्याबाहेर आला, की ती तूट भरून निघत नाही. रात्री आम्ही झुबके थंड पाण्यात पूर्ण बुडवून ठेवले, तेव्हा सकाळपर्यंत ते पुन्हा ताठ झाले. पण ज्या वेळेसाठी ते आणले होते, ती केव्हाच निघून गेली होती.

म्हणून टेबलावर पाण्याच्या भांड्यात ठेवायची फुले आणि हातात धरायची फुले यांचा विचार वेगवेगळा करावा. हायड्रेंजिया भांड्यात खुशाल ठेवावा. हातातल्या गुच्छासाठी ऑर्किड, कार्नेशन, शेवंती ही चिवट फुले भरवशाची असतात. अनंताचा सुगंध मला अतिशय प्रिय आहे, तरीही गुच्छासाठी मी तो सुचवत नाही, कारण बोट लागले तरी त्याची पांढरी पाकळी तपकिरी पडते. ट्यूलिपचा देठ कापल्यावरही वाढत राहतो आणि उजेडाकडे वळतो, त्यामुळे आदल्या दिवशी नेमकी बांधलेली रचना सकाळी वेगळीच दिसते. गुलाब घेताना फूल देठाला मिळते तिथला फुगीर भाग हलकेच दाबून पाहावा. तो घट्ट लागला, तर फूल ताजे आहे. बाहेरची एखादी डागाळलेली पाकळी पाहून गुलाब नाकारू नये, ती अलगद काढून टाकता येते.

लिलीबाबत मी जरा हट्टी आहे. तिच्या पुंकेसरांच्या टोकावरचे परागकोश फूल उमलताच, ते फुटण्यापूर्वी, चिमटीने काढलेच पाहिजेत. केशरी पराग कपड्यावर पडलाच, तर तो चोळू नये आणि पाणी तर मुळीच लावू नये. चिकटपट्टीने वरच्या वर उचलून घ्यावा.

रंगाचा विचार अर्थातच करावा, पण समारंभाच्या वेळी असणाऱ्या प्रकाशातच. मंद दिव्यांत गडद जांभळी आणि निळी फुले काळपट दिसतात, तर फिकट फुले दुरूनही उठून दिसतात. निशिगंधाचा वास संध्याकाळी चढतो, तेव्हा बंद दालनात जेवणाच्या टेबलावर तो ठेवू नये.

गुच्छ आदल्या रात्री घरी आणणार असाल, तर तो फळांशेजारी ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि त्याने फुले, विशेषतः कार्नेशन, अकाली कोमेजतात. ऑर्किड तर फ्रिजमध्ये ठेवूच नये. उष्ण प्रदेशातल्या या फुलाला तेवढा गारवा सोसत नाही.

आता धाकट्या बहिणीचे लग्न जवळ आले आहे. गेल्या रविवारी आम्ही कार्नेशन, लिझियान्थस आणि अर्धवट उमललेला गुलाब अशी एकेक काडी आणली, रात्रभर पाण्यात ठेवली आणि सकाळी नऊला कोरड्या टेबलावर मांडून दर तासाला पाहत राहिलो. दुपारी एकपर्यंत लिझियान्थसच्या कडा मऊ पडल्या होत्या, कार्नेशन सकाळी होते तसेच होते आणि गुलाब मात्र पुरता उमलला होता. तिचा विधी गुच्छ हाती आल्यावर साधारण चार तासांनी आहे. तिने गुलाब निवडला.