फ्रीलान्सिंगमध्ये नेमकं काय विकायचं हे मी कसं ठरवलं (बडोदा)

मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते, ग्राफिक डिझाइन करते. नोकरी सोडल्यावर जे येईल ते काम घ्यायचे, लग्नपत्रिका, दुकानाचे बोर्ड, गरब्याचे पास, इन्स्टाच्या पोस्ट, आणि फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, 'बेन, केटला थशे?' (ताई, किती होतील?). दर कामाला नवा रेट म्हणजे दर कामाला नवी घासाघीस, त्याने जीव थकतो हो.

तासावर रेट लावायचं बघितलं, पण पटलं नाही. हात बसला की काम लवकर उरकतं, मग आपल्यालाच कमी पैसे का? आणि इकडच्या शेठ लोकांना तास विकत घ्यायचाच नसतो, त्यांना वस्तू हवी असते.

मग जुनी बिलं काढून बसले, कोण परत आलं आणि कोणी वेळेवर पैसे दिले एवढंच बघितलं. पत्रिकावाले एकदा येतात, गरब्याचं काम नवरात्रीपुरतं. पण मकरपुरा जीआयडीसीतले (इथली औद्योगिक वसाहत) पंप, व्हॉल्व्ह बनवणारे प्रदर्शन आलं की कॅटलॉग मागतात, नवं मॉडेल निघालं की परत पानं बदलायला येतात. बाबा तिकडेच वर्कशॉपमध्ये होते त्यामुळे मशीनचं ड्रॉइंग मला वाचता येतं, आणि ही गोष्ट या कामात फार मोलाची आहे, कारण साइजच्या टेबलात एक आकडा सरकला तर गिऱ्हाइकाकडे चुकीचा माल जातो.

मग ऑफर आपोआप सुचल्या. मधे पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीतच येतात, म्हणून ८, १२ आणि १६ पानांचा कॅटलॉग, तिन्हींचे रेट फिक्स. त्यात लेआउट, टेबलं, दोन वेळा करेक्शन आणि ३ मिमी ब्लीडसकट (कापताना कडेला पांढरं राहू नये म्हणून सोडलेली जादा छपाई) प्रेसला द्यायची सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार रंगांतली, पीडीएफ. फोटो आणि मजकूर त्यांचा, छपाई त्यांची, ओपन फाइल, म्हणजे बदल करता येतील अशी मूळ फाइल, हवी तर पैसे वेगळे. ५० टक्के ॲडव्हान्स आल्याशिवाय फाइल उघडत नाही. वर्षाची कमाई २० लाखांच्या आत आहे म्हणून जीएसटी लावत नाही, तेही कोटेशनमध्येच लिहिते म्हणजे नंतर त्यांच्या अकाउंटंटचा फोन येत नाही.

करेक्शन दोनच, हे लिहून दिल्याचा सगळ्यात जास्त फायदा झाला. आता शेठ, मुलगा आणि सेल्सवाला आधी एकत्र बसून बदल काढतात आणि एकाच कागदावर पाठवतात, पूर्वी तिघांचे तीन व्हॉट्सॲप यायचे, तेही एकमेकांच्या विरुद्ध!

दर महिन्याला ठरलेले पैसे आणि ठरलेलं काम असं बांधून घ्या असं कोणी म्हटलं तर आधी एक कॅटलॉग करू म्हणते, माणूस कळतो. वेबसाइटचं विचारलं तर वेबवाल्या मित्राचा नंबर देते, त्याला लागणारी चित्रं मात्र मीच कापून देते आणि त्याचं बिल वेगळं.